दाखल्यांच्या फायलीत लसीचे कार्डही हवे

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच धावपळ सुरू होते. आज तहसील कचेरी, उद्या सेतू केंद्र, परवा झेरॉक्सचे दुकान. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका. वडील कामावर खाडा करतात, आई पत्र्याची पेटी उघडते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद बाहेर निघतात. एखादा दाखला कमी पडला तर प्रवेश हातचा जाईल, शिष्यवृत्ती अडकेल, म्हणून सारे घर जिवाचे रान करते. ते योग्यच आहे. शिक्षणासाठी आपल्या माणसांनी याहून कितीतरी अधिक सोसले आहे.

पण त्याच पेटीच्या तळाशी आणखी एक कागद पडलेला असतो. बाळाच्या जन्मानंतर सरकारी दवाखान्यातून मिळालेले लसीकरणाचे कार्ड. ते कुणी मागत नाही, म्हणून कुणी काढत नाही. कित्येक घरांत तर पावसाळ्यात पत्र्याच्या गळतीत ते केव्हाच भिजून गेलेले असते. लस म्हणजे तान्ह्या बाळाची गोष्ट, मूल शाळेत गेले की संपली, अशी आपली समजूत आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घर सोडून कॉलेजात, वसतिगृहात, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये किंवा नर्सिंगच्या वॉर्डात पाऊल टाकते तेव्हा काही लसींची गरज नव्याने उभी राहते. त्या कोणत्या, कुणाला आणि कशासाठी, हे आईवडिलांनी आणि मुलामुलींनी दोघांनीही समजून घ्यावे यासाठी हा लेख.

वसतिगृह म्हणजे रोगाला मोकळे रान

घरात चार माणसे असतात. वसतिगृहात एका खोलीत चार-सहा, एका मजल्यावर पन्नास, एका मेसमध्ये दोनशे. एकच पाण्याची टाकी, एकच स्वयंपाकघर, एका बादलीवर दोघांची आंघोळ, कधी एकाच ब्लेडवर दोघांची दाढी. गोवर, कांजिण्या, गालफुगी, विषमज्वर यांना याहून सोयीची जागा दुसरी कोणती? एकाला झाले की आठवड्याभरात मजला आडवा पडतो.

श्रीमंताचे मूल आजारी पडले तर गाडी येते आणि घेऊन जाते. आपल्या मुलाचे तसे नसते. गावाला जायचे तर एस.टी.चे भाडे, खाजगी दवाखान्यात सलाईन लावले की दोन-तीन हजारांचा खड्डा, आणि महिनाभर वर्ग बुडाला की हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली. मग परीक्षेचा अर्ज अडतो, शिष्यवृत्ती अडते. घराण्यात पहिल्यांदाच कुणी पदवीच्या उंबरठ्यावर उभे असते आणि एका टाळता येण्यासारख्या दुखण्याने वर्ष वाया जाते. म्हणून लसीचा प्रश्न आपल्यासाठी आरोग्याचा तर आहेच, तो शिक्षणाचाही आहे.

नर्सिंगला, लॅबला जाणाऱ्यांसाठी पहिली लस : कावीळ ब

आपल्या समाजातील हजारो मुली आज नर्सिंगला जातात. जी.एन.एम., ए.एन.एम., बी.एस्सी. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, डायलिसिस टेक्निशियन, फार्मसी, दंतवैद्यक, एम.बी.बी.एस. या सर्वांचा रक्ताशी आणि सुईशी रोजचा संबंध येतो. शिकाऊ हात थरथरतो, वॉर्डात गर्दी असते, वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती बोटात घुसते. अशा एका टोचणीतून येऊ शकणारा मोठा शत्रू म्हणजे ‘कावीळ ब’, इंग्रजी नावाने हिपॅटायटिस बी. खेड्यापाड्यांत याला पांढरी कावीळ म्हणतात.

लोक एड्सला घाबरतात, पण हिशोब पाहा. एड्सच्या विषाणूची बाधा असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर हजारात सुमारे तिघांना लागण होते. कावीळ बच्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर शंभरात सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. हा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक कावीळ बच्या जुनाट संसर्गासह जगत होते. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसते, कारण वर्षानुवर्षे काहीच त्रास होत नाही. आतल्या आत यकृत खराब होत जाते आणि कळते तेव्हा काहींना यकृताचा सिरॉसिस, काहींना कर्करोग झालेला असतो. औषधांनी विषाणू काबूत राहतो, पण तो समूळ निघून जाणे अवघड. मग गळ्यात काविळीची माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवा’, मांत्रिकाकडे जा. यकृतातला विषाणू यातल्या कशालाच भीक घालत नाही.

लस मात्र त्याला अडवते. तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तरुण निरोगी माणसांत शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांना त्यातून पूर्ण संरक्षण मिळते. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची ‘अँटी एच.बी.एस.’ ही तपासणी करून घ्यावी. आकडा १० किंवा त्याहून अधिक आला की संरक्षण पक्के. कमी आला तर डॉक्टर पुन्हा डोस देतात.

“आमच्या मुलीला लहानपणी सगळ्या सुया दिल्या आहेत,” असे आई म्हणेल. पण ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात २००२ च्या सुमारास काही शहरांत आणि जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात आली आणि देशभर पोहोचायला २०११-१२ उजाडले. आज जी मुले कॉलेजात आहेत त्यांचा जन्म त्याआधीचा. त्यातल्या अनेकांना ही लस मिळालेलीच नाही. कार्ड पाहा. कार्ड नसेल आणि खात्री नसेल तर डॉक्टरांना विचारून तीन डोस घ्या. पूर्वी घेतलेली असूनही पुन्हा घेतली गेली तर अपाय होत नाही. आणि मधला डोस चुकला, एका महिन्याऐवजी पाच महिने झाले, तर पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही; राहिलेले डोस पूर्ण करा.

ही लस कधी काळी फार महाग होती, परदेशातून येई. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने देशी लस बाजारात आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस देण्याचा समावेश आहे. तेव्हा नर्सिंग कॉलेजात प्रवेश घेताना गणवेशाच्या आणि पुस्तकांच्या यादीबरोबर हेही विचारा, “कावीळ बची लस केव्हा देणार? वॉर्डात पाठवण्यापूर्वी देणार ना?”

सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा आणि सिस्टरना, डॉक्टरांना ताबडतोब सांगा. बोलणी बसतील या भीतीने लपवू नका. कावीळ बसाठी लागणारे उपचार चोवीस तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम.

आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कावीळ ब एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही. वसतिगृहात एखाद्याला हा संसर्ग निघाला म्हणून त्याचे ताट वेगळे, पेला वेगळा करणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. वेगळ्या पेल्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त ब्लेड, वस्तरा, दात घासण्याचा ब्रश आणि सुई कुणाचीही वापरायची नाही, हा नियम सर्वांनी पाळायचा. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदणाऱ्याकडे तर फिरकायचेही नाही.

झाडू मारणारे हात विसरू नका

कॉलेज म्हणजे विद्यार्थी आणि प्राध्यापक एवढेच नव्हे. मेसमधल्या मावशी, पहारेकरी, माळी, प्रयोगशाळेतले शिपाई आणि सफाई कामगार हीसुद्धा त्याच आवारातली माणसे. त्यांत आपले भाऊबंद किती आहेत ते सांगायला नको. मेडिकल कॉलेजात, रुग्णालयात कचऱ्याची पिशवी उचलताना तुटलेली काच आणि उघडी सुई आधी त्यांच्याच हातात घुसते. डॉक्टर होणाऱ्याला लस मिळते आणि कंत्राटी सफाई कामगाराला कुणी विचारत नाही, असे होता कामा नये.

हा उपकाराचा विषय नाही. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ ब आणि धनुर्वात यांसारख्या रोगांविरुद्ध लस देणे ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणीही करायची आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी हा नियम लक्षात ठेवावा, युनियनच्या बैठकीत काढावा, आणि शिकलेल्या मुलांनी आपल्या आईवडिलांसाठी तसा अर्ज लिहून द्यावा.

दहा आणि सोळा वर्षांची सुई

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात मूल दहा वर्षांचे झाल्यावर आणि पुन्हा सोळा वर्षांचे झाल्यावर ‘टी.डी.’ नावाची लस आहे. धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांवरची. पूर्वी फक्त धनुर्वाताची ‘टी.टी.’ दिली जाई, आता तिच्या जागी टी.डी. आली आहे. शाळेत दहाव्या वर्षीची बहुतेकांना मिळते. सोळाव्या वर्षी मूल दहावी-अकरावीच्या गडबडीत असते आणि ती राहून जाते. आयटीआयच्या फिटर, वेल्डर, टर्नरला शिकणाऱ्या, शेतीच्या कामाला जाणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांनी ती हमखास घ्यावी. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, धुळीत वर्षानुवर्षे टिकतात. जखम लहान असली तरी रोग जीवघेणा असतो. ही सुई प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

गोवर-रुबेलाचे म्हणाल तर, महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी मोठी मोहीम झाली होती. आज कॉलेजात असलेली अनेक मुले तेव्हा शाळेत होती. त्या वेळी अफवांमुळे काही पालकांनी मुलांना मुद्दाम घरी ठेवले. तसे झाले असेल तर आता डॉक्टरांना विचारून घ्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराने काय हाहाकार केला ते आपण पाहिले आहे. मुलींच्या बाबतीत रुबेला अधिक महत्त्वाचा. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळ आंधळे, बहिरे किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणून ही लस लग्नाआधी घेतलेली बरी. गरोदरपणात ती देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते.

मेसचे पाणी आणि बाहेरची पाणीपुरी यांमुळे विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, वसतिगृहात नेहमीचाच. त्यावरही आता चांगली देशी लस आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली आपल्या हद्दीतील एक लाखाहून अधिक मुलांना ती मोफत दिली होती. इतर ठिकाणी बहुधा पैसे मोजून घ्यावी लागते. ऐपत नसेल तर उकळलेले पाणी आणि साबणाने धुतलेले हात यांना पर्याय नाही. लस घेतली तरी ते सोडायचे नाही.

वसतिगृहाच्या आवारातला ओळखीचा कुत्राही कधी चावतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, मिरची, चुना लावू नये. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करावे. परीक्षा आहे म्हणून शेवटची सुई बुडवू नये, कारण हा रोग एकदा दिसू लागला की माणूस वाचत नाही.

मुलींच्या लसीबद्दल उघड बोलू या

आता ज्या लसीबद्दल घरात बोलायला संकोच वाटतो तिच्याकडे वळू. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने गेल्या. या स्त्रिया बहुतांशी आपल्यासारख्याच घरांतल्या. अंगावरून जाते, कंबर दुखते, पण मजुरी बुडेल म्हणून दवाखान्यात न गेलेल्या. हा रोग एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. हे सिद्ध करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार शंभरातल्या सुमारे सत्तर रुग्णांच्या मुळाशी असतात आणि लस त्यांनाच अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली.

“आमची मुलगी तसली नाही, तिला कशाला?” असे विचारणारे पालक भेटतात. अशा पालकांना नम्रपणे सांगावेसे वाटते की हा विषाणू चारित्र्याचा दाखला पाहून येत नाही. मुलगी कितीही सरळ असो, लग्नानंतर नवऱ्याकडूनही तो तिला मिळू शकतो. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी घेतली तरच लस पुरती कामाची ठरते. म्हणून ती नऊ ते चौदा वर्षांत द्यावी हे सर्वांत उत्तम. राहिली असेल तर कॉलेजच्या वयातही घेता येते. पंधरा वर्षांच्या आत दोन डोस आणि पुढे तीन डोस अशी जुनी पद्धत आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने असेही सांगितले की वीस वर्षांपर्यंतच्या मुलींना एक किंवा दोन डोस आणि एकवीसच्या पुढे दोन डोस पुरेसे ठरतात. आपल्या मुलीचे वय शासनाच्या मोफत लसीत बसते का, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे.

या लसीची एक काळी बाजूही वाचकांना ठाऊक असावी. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांत आदिवासी आणि गरिबांच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. खम्मममध्ये आईवडिलांना न विचारता अनेक संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डनांनी सह्या केल्याचे पुढे उघड झाले. सात मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये काम थांबवण्यात आले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती घेण्याच्या पद्धतीवर २०१३ साली संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

याच बंदीमुळे दुसरा एक अभ्यासही मध्येच थांबला. त्यात देशभरच्या १७,७२९ मुली होत्या आणि त्याची केंद्रे आपल्याकडे पुणे, मुंबई आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथेही होती. काही मुलींचे डोस पूर्ण झाले, काहींचे दोन झाले, काहींचा एकच झाला. शास्त्रज्ञांनी या मुलींवर पुढे दहा वर्षे लक्ष ठेवले. २०२१ साली निष्कर्ष आले की एकच डोस मिळालेल्या मुलींनाही जवळपास तेवढेच संरक्षण मिळाले होते. आज जगभर एका डोसचा विचार होतो त्याला आपल्या बार्शी-पुण्याच्या मुलींचा मोठा आधार आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात. लस चांगली आहे. पण आपल्या मुलीच्या दंडात काय टोचले जाते हे विचारण्याचा आपला अधिकार कुणी वॉर्डन, कुणी मुख्याध्यापक आपल्या वतीने सही करून घेऊ शकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी आईवडिलांची सही, अठराच्या पुढे तिची स्वतःची. कागद मराठीत मागा, वाचा, समजले नाही तर विचारा आणि मग सही करा. विचारणे म्हणजे विरोध करणे नव्हे.

आणि आयांनो, लस मुलींसाठी आहे तशी तपासणी तुमच्यासाठी आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही.ची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिशी ओलांडली असेल तर सरकारी रुग्णालयात ही तपासणी करून घ्या. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे ती करायचीच आहे.

परदेशी निघालेल्यांसाठी

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलेमुली आज इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत पोहोचत आहेत. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवर-गालफुगी-रुबेला लसीच्या दोन डोसांचा लेखी पुरावा मागतात. अनेक ठिकाणी मेंदूज्वराची ‘मेनिंगोकॉकल’ लस आणि क्षयाची तपासणी लागते. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची हाताच्या त्वचेवरची क्षय तपासणी कधी कधी विनाकारण होकारार्थी येते, तेव्हा रक्ताची तपासणी करता येते का ते विचारावे. दोन डोसांत महिन्याचे अंतर लागते. व्हिसा हातात पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा प्रवेशपत्र येताच विद्यापीठाची लसींची यादी पाहावी.

लसीची भीती जुनीच, पण धीरही जुनाच

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी रात्रंदिवस खपून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लस नुकतीच जन्मली होती, ती वस्तीवस्तीत पोहोचायची होती. आज ती गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत आली आहे आणि आपण तिच्याकडे पाठ फिरवायची का, याचा विचार व्हावा.

लसीने मूल होत नाही, नामर्दपणा येतो या निव्वळ अफवा आहेत. दंड दुखतो, एखादा दिवस ताप येतो, तरुण मुलामुलींना सुईच्या धास्तीने चक्कर येते, हे खरे आहे. म्हणून काहीतरी खाऊन जावे, बसून सुई घ्यावी आणि अर्धा तास तिथेच थांबावे. क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी होते, त्यावर तिथल्या तिथे उपचार करता येतात. थांबायला सांगतात ते त्यासाठीच.

कॉलेजांनी मनावर घेतले तर

२० ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातली कॉलेजे पुन्हा उघडली तेव्हा कोरोनाचे दोन्ही डोस झालेल्यांनाच वर्गात बसू दिले गेले. ज्यांचे डोस राहिले होते त्यांच्यासाठी २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात ‘मिशन युवा स्वास्थ्य’ या नावाने कॉलेजांतच लसीकरण ठेवण्यात आले. म्हणजे शासनाने आणि प्राचार्यांनी ठरवले तर लस वर्गाच्या दारापर्यंत येते. मग साथ नसतानाही वर्षातून एकदा, प्रवेशानंतरच्या महिन्यात, कार्ड तपासणी आणि टी.डी.-कावीळ बची सुई का होऊ नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी पुढाकार घ्यावा, आरोग्य केंद्राला पत्र द्यावे, मेसच्या आणि सफाईच्या कामगारांची नावे यादीत आधी लिहावीत.

घरी एवढे करा

१. मुलाचे लसीचे कार्ड शोधा, त्याच्या दोन प्रती काढा, मोबाईलवर फोटो ठेवा. कार्ड नसेल तर एका वहीच्या पानावर आजपासून नोंद सुरू करा.

२. सोळाची टी.डी. झाली का, गोवर-रुबेला झाली का, कावीळ ब झाली का, हे तीन प्रश्न जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

३. मुलगी असेल तर एच.पी.व्ही.बद्दल आईने स्वतः बोलावे. वडिलांनीही ऐकावे.

४. नर्सिंग, लॅब, वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश असेल तर वॉर्डात जाण्यापूर्वी कावीळ बचा पहिला डोस घ्यावा.

५. पुढच्या डोसची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. पहिला डोस उत्साहाने घेतला जातो, दुसराही होतो. सहा महिन्यांनी येणारा तिसरा विसरतो. त्या दिवशी मुलगा किंवा मुलगी कॉलेजच्या गावी असेल. तेव्हा सकाळीच फोन करा, अभ्यास कसा चालला आहे ते विचारा, आणि लगेच विचारा, “आज सुई आहे ना तुझी? मग कॉलेज सुटल्यावर आधी दवाखान्यात जा.”